महामार्गाच्या दगडावरचं बीजगणित

साताऱ्याहून निघालेली गाडी कराड ओलांडून पेठ नाक्यावर येते आणि सांगलीचा फाटा लागतो. तोवर ज्या राष्ट्रीय महामार्गाचे दगड सोबतीला असतात, त्याच्या क्रमांकाचं हे कोडं: संख्या दोन अंकी, अंकांची बेरीज १२, अंकांची अदलाबदल केली तर संख्या ३६ने वाढते. ओळखा!

दहावीच्या बीजगणितातलं पहिलंच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. अशा शाब्दिक उदाहरणात मुलं अडतात ती समीकरण सोडवताना नव्हे, मांडताना. दशकाचा अंक क्ष, एककाचा य मानला की काही जण संख्या ‘क्षय’ लिहून मोकळे होतात. तो झाला गुणाकार, आणि उदाहरणाला तिथेच क्षय लागतो. स्थानिक किंमत धरली तर संख्या १०क्ष + य, उलटी संख्या १०य + क्ष. दोन्हींतला फरक ९(य − क्ष) म्हणजे ३६; म्हणून य − क्ष = ४. शिवाय क्ष + य = १२. दोन्ही समीकरणं मिळवली की २य = १६. य ८, क्ष ४. पुणे-बेंगळुरू महामार्ग, क्रमांक ४८. एवढ्यासाठी क्रेमरचे निश्चयक मांडत बसायला नको.

आता बेरजेची अट काढून ‘एककाचा अंक दशकाच्या अंकापेक्षा ४ने मोठा’ असं सांगितलं तर? वाक्यं दोनच राहिली, पण माहिती एकच उरली. १५, २६, ३७, ४८, ५९ सगळ्याच संख्या बसतात. या रस्त्याचा जुना क्रमांक ४ होता. तो ०४ असा लिहिला तर तोही बसतो! आणि ३६ऐवजी ४० सांगितले, तर एकही संख्या सापडणार नाही, कारण या फरकाला ९ने भाग जायलाच हवा. बेरजेला तसाच ११ने जातो: ४८ + ८४ = १३२.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात अनेक अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं देऊन समीकरणं सोडवली. अज्ञात किती आणि अटी किती, हा हिशेब तेव्हाही चुकला नव्हता.

गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. सराव परीक्षेत ४०च्या फरकाचं एखादं उदाहरण मुद्दाम घाला आणि ‘अशी संख्या नाही’ हे कारणासह लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या.