कर्जमुक्तीचे दलाल आणि ऋणकोचा स्वतःचा मार्ग

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख धान्यावर किंवा पैशावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. आपण काय लिहून दिले हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याने तो कागदच जाळून टाकला. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्यामागचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला आणि पावती व हिशोब देणे सावकाराचे कर्तव्य ठरवले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे हा कायदा इकडे लागू नव्हता. तरी त्यातला धडा सर्वांसाठी आहे. ऋणकोचे रक्षण कागद जाळून होत नाही. कागद हाती असल्याने आणि तो समजल्याने होते.

आज हा धडा नव्याने सांगण्याचे कारण असे की, नांदेड-लातूरकडे कर्जाची रूपे पुष्कळ झाली आहेत. सोसायटीचे पीककर्ज आहे, सोनेतारण आहे, बचतगटाचा हप्ता आहे, दुचाकीचा हप्ता आहे, लातुरात मुलाच्या शिकवणीसाठी काढलेले कर्ज आहे, आणि मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्जही आहे. सोयाबीनचा भाव पडला किंवा काढणीच्या वेळी पाऊस आला की या साऱ्यांचे हप्ते एकदमच तटतात. अशा वेळी दारात एक नवा मनुष्य उभा राहतो. तो म्हणतो, “तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो. हप्ते भरू नका, बँकेशी बोलू नका, आमची फी तेवढी आधी भरा.”

या बोलण्याचा हिशोब करून पाहू. समजा, एका गृहस्थाचे ८०,००० रुपये देणे आहे, हप्ता ४,००० रुपयांचा आहे आणि तीन हप्ते थकले आहेत. दलाल शेकडा १५ प्रमाणे १२,००० रुपये आगाऊ मागतो. म्हणजे ज्या रकमेत तिन्ही थकलेले हप्ते फिटले असते, तीच रक्कम त्याने घेतली, आणि मूळ कर्जातला एक रुपयाही कमी झाला नाही. उलट दलालाच्या सल्ल्याने पुढचे हप्ते थांबले. दंड वाढला, पतअहवालात थकबाकीची नोंद झाली, दिलेला धनादेश न वटल्यामुळे नोटीस आली आणि जामीनदाराच्या घरीही पत्र गेले. आपल्या शब्दाखातर सही करणाऱ्या मेव्हण्याला किंवा शेजाऱ्याला तोंड कसे दाखवावे, हे दुःख पैशापेक्षा मोठे असते. दलालाचा आणि बँकेचा कोणताही करार नसतो, म्हणून त्याचे वचन बँकेवर बंधनकारक नसते, एवढी साधी गोष्ट त्या गृहस्थाला कोणी सांगितलेली नसते.

ही फसवणूक केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत अशा धंद्याने इतके लोक नागवले की, २०१० साली तेथील सरकारने दूरध्वनीवरून कर्जतडजोडीची सेवा विकणाऱ्यांना, एकतरी कर्ज प्रत्यक्ष मिटेपर्यंत फी घेण्यास मनाई केली. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला. काही मंडळी जाहिराती करून, कोणताही अधिकार नसताना फी घेऊन ‘कर्जमाफीची प्रमाणपत्रे’ देत आहेत. त्यांच्या नादी लागू नये, असे त्यात म्हटले होते. सरकारच्या कर्जमाफीची गोष्ट वेगळी. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना किंवा २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना घ्या. त्यांतील रक्कम कर्जखात्यात जमा झाली, कोणा दलालाच्या हाती नव्हे.

मग ऋणकोने करावे काय? आमचे उत्तर असे की, जे काम दलाल पैसे घेऊन करतो म्हणतो, ते स्वतःच करावे.

पहिले काम हिशोबाचे. वहीच्या एका पानावर प्रत्येक देणे लिहावे: कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, तारण काय, जामीनदार कोण. प्रत्येक ठिकाणाहून खातेउतारा मागावा. पतअहवाल ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. त्यात आपल्या नावावर न घेतलेले कर्ज तर नाही ना, हे पाहावे.

दुसरे काम अर्जाचे. शाखाधिकाऱ्याला साध्या मराठीत लिहावे की, अमुक कारणाने हप्ते थकले, अमुक महिन्यापासून दरमहा इतके भरू शकतो, तरी हप्ते पुन्हा बांधून द्यावेत. जेवढे निभेल तेवढेच लिहावे; मोडलेले वचन न दिलेल्या वचनापेक्षा वाईट. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नये. दुष्काळ वा अतिवृष्टीने पीक गेले असेल तर पीककर्जाचे पुनर्गठन मागता येते.

तिसरी गोष्ट एकरकमी तडजोडीची. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा तडजोडीसाठी बँकांनी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवावे असे ठरवून दिले आहे. म्हणून ती सरळ बँकेकडेच मागावी. मात्र सूट हा आपला हक्क नव्हे, आणि तिची किंमतही असते. पूर्ण फेडलेले खाते ‘बंद’ म्हणून नोंदले जाते, तर सूट घेतलेले ‘तडजोडीने मिटलेले’ म्हणून. पुढचे कर्ज मागताना हा फरक आडवा येतो. तडजोडीचे पत्र आधी हाती घ्यावे, पैसे कर्जखात्यातच भरावेत आणि बेबाकी दाखला घ्यावा. तारण ठेवलेली घरजागेची कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या दिरंगाईने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

वसुलीला येणाऱ्यांना भिण्याचे कारण नाही. सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर त्यांनी फोन करू नये, धमकी देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्याविरुद्ध वागणूक झाली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही. परंतु न्यायालयाची नोटीस आली तर ती उशाखाली ठेवू नये. नांदेड व लातूर येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. लोकअदालतीत उभयपक्षी जे ठरते ते दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखे असते.

खाजगी सावकाराचे देणे असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा माहीत हवा. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल, तर अर्जापूर्वीच्या १५ वर्षांतील अशा व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात आणि जमीन परत देववू शकतात. दलालाने मोबाइलवरून पैसे उकळले असतील, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

या मार्गाने कर्ज एका दिवसात नाहीसे होईल असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारा मनुष्य दारात आला, तर त्याला एकच विचारावे: “बँकेने तुम्हाला दिलेले अधिकारपत्र दाखवता का?” आणि ते दाखवले तरी पैसे त्याच्या हाती देऊ नयेत, कागद घेऊन शाखेत जावे आणि तेथे खात्री करून घ्यावी. देणे असणे ही लाज नव्हे. देण्यापासून तोंड लपवल्यानेच दलालाला आपल्या घरात वाट मिळते.