प्रश्न मुलांनी विचारायचे
बालवाडीत म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट संपली की ताई विचारतात, ‘म्हातारीला वाटेत कोण कोण भेटलं?’ मुलं एका सुरात उत्तर देतात. ही झाली उजळणी. ‘भोपळ्यात तिला भीती नाही वाटली?’ असं मुलाला आपणहून सुचायला हवं असेल, तर आधी मोठ्यांनी त्याच्यादेखत नवल करावं: ‘वाघाने तिला लगेच का नाही खाल्लं बरं?’ आणि मग गप्प बसावं. (हेच सर्वांत अवघड!) अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८८च्या अभ्यासात पालकांनी चित्रपुस्तकं वाचताना मोकळे प्रश्न विचारले, मुलांचं बोलणं पुढे नेलं, महिनाभरात ती मुलं भाषेच्या चाचण्यांत इतरांच्या पुढे गेली. त्यात प्रश्न मोठ्यांचे होते, हे खरं. पण बोलायची पाळी मुलांकडे आली होती.

वाचताना मध्येच असं थांबल्याने गोष्टीची लय तुटते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पहिलं वाचन सलग करावं, थांबणं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. लहान मुलं प्रश्नाऐवजी ‘माझ्या आजीकडे पण काठी आहे’ असंच सांगतात, अशीही तक्रार असते. सांगू द्यावं, ‘मग या आजीला काठी कशाला लागत असेल?’ एवढं जोडलं की पुरे.