वाऱ्याची वाटणी
डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यापासून १४ ते २० किलोमीटरवर, उत्तर समुद्रात ‘हॉर्न्स रेव्ह १’ हा पवनऊर्जा प्रकल्प २००२ साली उभा राहिला. प्रत्येकी २ मेगावॉटच्या ८० पवनचक्क्या, आठ रांगा, रांगेत दहा. शेजारच्या दोन चक्क्यांमधले अंतर ५६० मीटर, म्हणजे पात्यांच्या चक्राच्या व्यासाच्या सातपट. फेब्रुवारी २००८ मध्ये हवामानाचा असा योग जुळून आला की, पहिल्या रांगेमागे समुद्रालगतची उबदार दमट हवा आणि वरची थंड हवा घुसळून धुके झाले. प्रत्येक चक्कीमागे पांढरा पट्टा लांबवर पसरला, मागच्या चक्क्यांना वेढू लागला. एरवी न दिसणारी गोष्ट छायाचित्रात उमटली: पुढच्या चक्कीने वापरलेला वारा मागच्यांच्या वाट्याला येतो.

हा वारा मंदावलेला आणि खळबळलेला असतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी घटला तर शक्ती २७ टक्क्यांनी घटते. ‘हॉर्न्स रेव्ह १’मध्ये वारा नेमका रांगेच्या दिशेने वाहू लागला की दुसऱ्या चक्कीचे उत्पादन पहिलीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी भरते. खळबळीमुळे पाती आणि बेअरिंग लवकर झिजतात, ते वेगळेच.

म्हणून आखणीचा पहिला प्रश्न अंतराचा. चक्क्या दूर ठेवल्या तर वारा सावरायला वाव मिळतो, पण समुद्रतळावरच्या केबलचा खर्च वाढतो आणि ठरलेल्या क्षेत्रात कमी चक्क्या बसतात. वर्षभरात कोणत्या दिशेने किती वेळ वारा वाहतो याच्या नोंदी घेऊन संगणकावर अनेक मांडण्या पडताळल्या जातात. त्यासाठी डेन्मार्कच्या एन. ओ. येन्सेन यांनी १९८३ मध्ये मांडलेले साधे गणित आजही उपयोगी पडते: चक्कीमागचा मंद पट्टा शंकूसारखा रुंदावत जातो आणि त्यातला वेग हळूहळू भरून येतो. शेजारच्या ‘हॉर्न्स रेव्ह २’मध्ये (२००९) ९१ चक्क्या पंख्याच्या आकारात मांडल्या आहेत. ‘हॉर्न्स रेव्ह ३’मध्ये (२०१९) अवघ्या ४९ चक्क्या ४०७ मेगावॉट क्षमता देतात. चक्क्या कमी म्हणजे पायेही कमी आणि दुरुस्तीच्या फेऱ्याही कमी.

उभारणीनंतर मांडणी बदलता येत नाही. चक्क्या चालवण्याची पद्धत मात्र बदलता येते. प्रत्येक चक्की वाऱ्याला थेट सामोरी राहून स्वतःपुरती जास्तीत जास्त वीज काढते, ही रूढ पद्धत. त्याऐवजी पुढची चक्की मुद्दाम काही अंश तिरकी वळवली तर तिची वीज थोडी घटते, पण मंद पट्टा बाजूला सरकतो आणि मागच्या चक्क्यांना ताजा वारा मिळतो. वाऱ्याची दिशा अनुकूल असेल तर एकूण बेरीज वाढते.

देखभालही याच हिशेबात येते. २००४ मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरमधल्या दोषांमुळे ‘हॉर्न्स रेव्ह १’च्या सगळ्या चक्क्यांची यंत्रे किनाऱ्यावर आणावी लागली. समुद्रात बोट लाटांमुळे अडते, क्रेन वाऱ्यामुळे. म्हणून नियोजित कामे मंद वाऱ्याच्या महिन्यांत उरकली जातात आणि कंपन, तापमान यांच्या नोंदींवरून बिघाडाची चाहूल आधीच घेतली जाते.

हा प्रश्न एका प्रकल्पापुरता राहत नाही. हवा स्थिर असताना मंद पट्टा ५० किलोमीटरहून दूर टिकल्याचे उत्तर समुद्रावरील विमानांच्या मोजणीत आढळले आहे. त्यामुळे नव्या प्रकल्पाची जागा ठरवताना वाऱ्याच्या दिशेला आधीपासून उभे असलेले प्रकल्पही गणितात धरावे लागतात.