'चिनी' कोण, हे कोणी ठरवायचे?

माहुल-चेंबूरकडून हार्बर मार्गाने दक्षिणेकडे निघाले की रे रोडनंतर डॉकयार्ड रोड स्थानक लागते. तेथून जवळच, माझगावच्या एका गल्लीत १९१९ सालचे 'सी यप' मंदिर उभे आहे. एरवी शांत असलेले हे मंदिर चिनी नववर्षाला गजबजून जाते. 'सी यप' म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील चार परगणे. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात गेलेले बहुसंख्य चिनी याच परगण्यांतले. मूळ एकच असले, तरी पुढे दोन्हीकडच्या लोकांची कहाणी निराळी झाली. अमेरिकेत गेलेल्यांना स्वतःचे साहित्य लाभले.

अर्थात तेथेही आरंभी त्यांचे चित्र इतरांनीच रंगवले. कपटी फू मांचू इंग्रज लेखकाने निर्माण केला, तर चतुर गुप्तहेर चार्ली चॅनची भूमिका वॉर्नर ओलँड या स्वीडिश वंशाच्या नटाने गाजवली. फ्रँक चिन यांच्या 'द चिकनकूप चायनामन' या नाटकाने १९७२ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर या साच्यांविरुद्ध आवाज उठवला. १९८८ मध्ये डेव्हिड हेन्री ह्वांग यांच्या 'एम. बटरफ्लाय'ने एक पाऊल पुढे टाकले. चिनी गायिकेच्या प्रेमात पडलेल्या फ्रेंच मुत्सद्द्याला ती वास्तविक पुरुष आहे, हे वर्षानुवर्षे उमगत नाही. कारण त्याचे प्रेम व्यक्तीवर नसून स्वतःच्या कल्पनेतील 'पौर्वात्य स्त्री'वर असते.

लेखणी हाती आल्यावर मात्र आपसांतच वाद पेटला. मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांनी 'द वुमन वॉरियर'मध्ये (१९७६) मुलानची लोककथा बदलून सांगितली. गोऱ्या वाचकांसाठी परंपरेची मोडतोड केल्याचा आरोप चिन यांनी केला. समुद्र ओलांडताना कथा बदलतेच, ही किंग्स्टन यांची बाजू. अस्मिता जपायची की नव्याने घडवायची, हाच या वादाचा गाभा होता.

मुंबईतील चिन्यांच्या वाट्याला या प्रवासाचा पहिला टप्पाच अधिक आला. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मध्ये चिनी खलनायक रंगवला तो मदन पुरी यांनी. पुढे १९७५ साली नेल्सन वांग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये 'चिकन मंच्युरियन' तयार केले, असे सांगितले जाते. मांचुरियाला ठाऊक नसलेला हा पदार्थ म्हणजे समुद्र ओलांडून बदललेली कथाच. आज तो गल्लोगल्ली मिळतो. मात्र तो रांधणाऱ्या समाजाची कहाणी फारशी कोणाला माहीत नाही.

या मौनाचे एक कारण १९६२ च्या युद्धात आहे. त्या वेळी चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, बहुतांशी आसाम व उत्तर बंगालमधून उचलून, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. अनेकांचा जन्मच भारतातला होता. सुटकेनंतर कित्येक कुटुंबांनी देश सोडला. ही व्यथा पुस्तकरूपाने येण्यास जवळजवळ अर्धशतक लागले. रीता चौधरी यांची 'माकाम' ही असमिया कादंबरी २०१० ची. तर देवळीतच जन्मलेल्या जॉय मा यांनी मुंबईकर लेखक दिलीप डिसोझा यांच्यासह लिहिलेले 'द देवळीवालाज्' २०२० चे.

आपली ओळख आपणच सांगण्यासाठी प्रतिभा पुरेशी नसते, निर्भयताही लागते. आपण येथलेच आहोत, ही खात्री हिरावली गेली की माणूस पहिल्यांदा गप्प होतो. माझगावच्या मंदिरातील शांतता ऐकताना हे विसरता येत नाही.