पायोनियरच्या हिशेबातला फरक

पेढीवर जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव येतोच. रोजमेळ जमतो, खतावणी होते, तेरीज काढली जाते आणि शेवटी दोन बाजूंत काही पैशांचा फरक उरतो. रक्कम इतकी क्षुल्लक असते की खिशातून भरून टाकावी आणि घरी जावे, असा मोह होतो. परंतु जाणता मुनीम तसे करीत नाही. तो ती रक्कम उचंत खात्यात मांडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाने चाळू लागतो. फरक लहान असला तरी त्यामागील चूक लहानच असेल, असा भरवसा देता येत नाही, हे त्याला ठाऊक असते.

अवकाशविज्ञानाच्या इतिहासात असाच एक फरक सुमारे तीस वर्षे उचंत खात्यात पडून होता. तो कसा सापडला आणि अखेर कसा जुळला, ही हकीकत आकडेमोडीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला तर मोठी आपलीशी वाटते.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने मार्च १९७२ मध्ये पायोनियर १० आणि एप्रिल १९७३ मध्ये पायोनियर ११ ही याने सोडली. पायोनियर १० लघुग्रहांचा पट्टा ओलांडून डिसेंबर १९७३ मध्ये गुरूजवळ पोहोचले. तेथवर जाणारे ते पहिलेच यान. पायोनियर ११ गुरूला वळसा घालून सप्टेंबर १९७९ मध्ये शनीजवळून गेले. नेमून दिलेले काम पूर्ण झाल्यावर दोन्ही याने सूर्यमालेच्या बाहेरच्या दिशेने, एकमेकांपासून दूर निघाली. त्यांना परत आणायचे नव्हते, पण त्यांच्याशी संपर्क मात्र चालू होता.

हा संपर्क म्हणजेच यानाच्या गतीची नोंदवही. पृथ्वीवरील मोठ्या अँटेनांमधून यानाकडे रेडिओ लहरी पाठवल्या जात आणि यान त्या परत पाठवी. स्थानकातून दूर जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी जशी खालच्या पट्टीत ऐकू येते, तशी दूर जाणाऱ्या यानाकडून येणाऱ्या लहरींची कंप्रता कमी होते. तिच्यातील बदल मोजला की यानाचा वेग कळतो. ही दोन्ही याने स्वतःभोवती संथपणे फिरत राहून आपला तोल सांभाळीत. त्यामुळे दिशा राखण्यासाठी वरचेवर छोटी इंजिने चालवावी लागत नसत आणि वेगाचा हिशेब विलक्षण शुद्ध राही.

दुसऱ्या बाजूला गणिताने काढलेला वेग होता. सूर्याचे व ग्रहांचे गुरुत्वाकर्षण, सूर्यप्रकाशाचा दाब, पृथ्वीची स्वतःची गती, हे सारे धरून यान कोठे व किती वेगाने जात असावे, हे ठरवता येई. १९८० च्या सुमारास जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील जॉन अँडरसन यांच्या लक्षात आले, की या दोन बाजू जुळत नाहीत. यान अपेक्षेपेक्षा किंचित मंदावत होते, जणू कोणी त्याला सूर्याकडे हलकेच ओढत होते.

हे ओढणे किती? पृथ्वीवर वस्तू ज्या त्वरणाने खाली पडते, त्याच्या एक हजार कोटीव्या भागाहूनही किंचित कमी. सेकंदाला सुमारे बारा किलोमीटर धावणाऱ्या यानाचा वेग त्यामुळे वर्षाकाठी सेकंदाला पावणेतीन सेंटिमीटर एवढाच घटत होता. मात्र व्याजाप्रमाणे हा फरकही साचत जातो. पहिल्या वर्षी यान सुमारे ४३० किलोमीटर मागे पडेल, दहा वर्षांत सुमारे ४३ हजार आणि तीस वर्षांत जवळजवळ पृथ्वी-चंद्र अंतराइतके.

अशा फरकाकडे दुर्लक्ष करणे शास्त्रज्ञांना परवडण्यासारखे नव्हते. एकोणिसाव्या शतकात युरेनसची गती गणिताशी जुळत नव्हती. त्या फरकाचा माग काढताना १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतही शतकाला ४३ विकलांचा फरक उरत होता. त्यासाठीही एका अज्ञात ग्रहाचा शोध झाला, पण तो मिळाला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतावादाने तो फरक नेमका जुळवला आणि गुरुत्वाकर्षणाविषयीची आपली समजूतच बदलली. म्हणजे एका फरकातून नवा ग्रह निघाला आणि दुसऱ्यातून नवे भौतिकशास्त्र. पायोनियरच्या फरकातून काय निघणार?

अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हा फरक जाहीररीत्या मांडला. त्यानंतर तर्कांना उधाण आले. कोणी अदृश्य कृष्णद्रव्याकडे बोट दाखवले, कोणी विश्वाच्या प्रसरणाकडे. कोणी गुरुत्वाकर्षणाचा नियमच फार दूरवर बदलत असावा, असे सुचवले. दोन्ही याने सूर्यमालेच्या विरुद्ध बाजूंना असूनही त्यांच्यातील फरक जवळपास सारखाच होता, त्यामुळे या तर्कांना बळ मिळाले.

एक साधे उत्तर मात्र आरंभापासून समोर होते: यानाची स्वतःची उष्णता. सूर्यापासून इतक्या अंतरावर सौरपट निरुपयोगी ठरतात. म्हणून या यानांवर प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी वीजनिर्मिती यंत्रे होती. त्यांची उष्णता सुमारे २५०० वॅट होती आणि वीज मिळे जेमतेम १५५ वॅट. बाकीची उष्णता अवकाशात निघून जाई. उष्णतेचे किरण बाहेर पडताना वस्तूला उलट दिशेने अत्यंत सूक्ष्म धक्का देतात. यानाची मोठी तबकडी पृथ्वीकडे तोंड करून होती आणि उपकरणांची पेटी तिच्या पाठीमागे. त्यामुळे सूर्याच्या विरुद्ध दिशेला थोडी अधिक उष्णता गेली असेल, तर यान सूर्याकडे ढकलले जाईल. सारा फरक भरून काढण्यास साठ-पासष्ट वॅट, म्हणजे एकूण उष्णतेचा सुमारे अडीच टक्के एवढाच असमतोल पुरेसा होता.

हे उत्तर आधी बाजूला ठेवले गेले, त्यालाही कारण होते. प्लुटोनियमची उष्णता काळाबरोबर घटते; ८७.७ वर्षांत ती निम्मी होते. उष्णता हेच कारण असेल, तर फरकही हळूहळू कमी झाला पाहिजे. आणि हाती असलेल्या पायोनियर १० च्या सुमारे साडेअकरा वर्षांच्या नोंदींत तो स्थिरच दिसत होता. निर्णय करायचा तर आणखी जुन्या नोंदी हव्या होत्या, आणि त्या कोठे होत्या?

जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील स्लावा तुरिशेव्ह यांनी त्या शोधायला घेतल्या. चुंबकीय फितींची खोकी एका जिन्याखाली ठेवलेली सापडली. यानांचा कारभार पाहणाऱ्या एम्स संशोधन केंद्रातील काही फिती तर टाकून देण्याच्या बेतात होत्या. त्या वाचवण्यात आल्या. जुन्या फिती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झालेली आणि नोंदींची मांडणी तीस वर्षांपूर्वीची. कॅनडातील संगणकतज्ज्ञ व्हिक्टर टॉथ यांनी त्या वाचण्यासाठी खास प्रणाली लिहिली. या कामाला प्लॅनेटरी सोसायटी या संस्थेच्या सभासदांनी वर्गणीतून हातभार लावला. अखेर सुमारे ४३ गिगाबाइट माहिती गोळा झाली. आजच्या साध्या मोबाइलमध्येही ती मावेल, पण तिचे मोल त्यावरून ठरत नाही.

या माहितीत गतीच्या नोंदी होत्या, तशाच यानाच्या निरनिराळ्या भागांच्या तापमानाच्या आणि वीजवापराच्याही होत्या. तेवीस वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर दिसले, की फरक स्थिर नव्हता. तो काळाबरोबर घटत होता. पुढे यानाचे उष्णताविषयक प्रतिरूप संगणकावर तयार करून त्यात प्रत्यक्ष तापमाने भरली गेली. जर्मनी आणि पोर्तुगाल येथील अभ्यासकही स्वतंत्र गणिताने त्याच उत्तराकडे आले. २०१२ मध्ये तुरिशेव्ह, टॉथ आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष जाहीर केला: उष्णतेचा धक्का नीट हिशेबात घेतला, तर मोजमापाच्या अचूकतेच्या मर्यादेत कोणताही फरक उरत नाही.

नवा ग्रह नाही, नवा नियम नाही. कोणाला यात निराशा वाटेल. मला मात्र यात विज्ञानाची सचोटी दिसते. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे नियम चुकीचे ठरण्याची शक्यता याच शास्त्रज्ञांनी उघडपणे मांडली होती आणि तिचे निरसनही त्यांच्यापैकीच काहींनी केले. रोमहर्षक उत्तराचा मोह न धरता त्यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या.

आपल्या देशानेही आता अशी दफ्तरे राखावयास घेतली आहेत. बंगळूरुजवळील ब्यालालू येथे इस्रोच्या केंद्रात चांद्रयान, २०१५ मध्ये सोडलेली अॅस्ट्रोसॅट वेधशाळा आणि २०२३ मधील आदित्य-एल१ यांची माहिती जतन होते व ठरावीक मुदतीनंतर अभ्यासकांना खुली होते. अॅस्ट्रोसॅटच्या नोंदी वापरू इच्छिणाऱ्यांना साहाय्य करणारा कक्ष पुण्याच्या आयुका या संस्थेत आहे. विज्ञान शिकणारा एखादा नातू किंवा नात घरात असेल, तर ही माहिती त्यांच्या कानावर अवश्य घालावी. या नोंदींतही कोणतातरी लहानसा फरक अद्याप कोणाच्या नजरेस पडायचा राहिला असेल.

पायोनियर १० चा अखेरचा क्षीण संदेश २३ जानेवारी २००३ रोजी पृथ्वीवर आला. यान आजही पुढे जात आहे आणि त्याची उष्णता त्याला अजूनही, दर वर्षी थोडे कमी, मागे ढकलत आहे. आता तेवढेही आपल्या खतावणीत जमा आहे.