वकिलाची चौकशी करणारा वकील

घरात कोर्टकज्जा निघाला की आपण वकील गाठतो. खोलीचा ताबा असो, कंपनीत अडकलेली ग्रॅच्युइटी असो किंवा गावाकडच्या जमिनीची वाटणी असो. आपण वकीलपत्रावर सही करतो, मूळ कागद त्यांच्या हाती देतो आणि निर्धास्त होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हापासून आपल्या वस्त्यांत काळ्या कोटाविषयी विशेष आदर आहे. तो योग्यच आहे. परंतु त्या कोटातला एखादा माणूस विश्वासघात करू लागला, तर गरिबाने कोठे जावे?

तामिळनाडूतील एका वृद्ध, बहिऱ्या गृहस्थांवर ही वेळ आली होती. त्यांनी पंधरा हजार आणि पाच हजार रुपयांच्या दोन वचनचिठ्ठ्या वकिलाकडे दिल्या, फी दिली. दावे दाखल झाले, असे वकिलाने त्यांना सांगितले. प्रत्यक्षात एकही दावा दाखल झालेला नव्हता. तक्रार झाली. राज्याच्या बार कौन्सिलने त्या वकिलाची सनद सहा वर्षांसाठी निलंबित केली. भारतीय बार कौन्सिलने अपिलात ती मुदत एक वर्षावर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालात म्हटले की, नुसत्या निलंबनाने फसलेल्या माणसाच्या पदरात काय पडते? म्हणून त्या वकिलाने वृद्धाला अडीच हजार रुपये द्यावेत आणि गरिबांच्या कायदा साहाय्याचे काम विनामोबदला करावे, असा मार्ग काढण्यात आला. कायद्यात अशी शिक्षा सांगितलेली नाही, म्हणून तिघांपैकी एका न्यायमूर्तींनी आपले वेगळे मत नोंदवले. हा वाद वकील मंडळींत आजही चर्चिला जातो.

सनद कोणाच्या हाती?

वकिलाची सनद बार कौन्सिलच्या हाती असते. १९६१ च्या वकील कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे तक्रार आधी राज्य बार कौन्सिलकडे जाते. आपल्याकडे ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. तक्रारीत तथ्य दिसले तर ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीपुढे येते. साक्षी होतात, उलटतपासणी होते. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ सनद निलंबित करू शकते किंवा वकिलांच्या यादीतून त्याचे नाव कायमचे कमी करू शकते. त्यावर भारतीय बार कौन्सिलकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

या समितीपुढे काम चालवणारे वकील ही वकिलीतली एक वेगळीच वाट आहे. अमेरिकेत तिला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले आहे. तेथे राज्याराज्यांत केवळ वकिलांच्या शिस्तीची प्रकरणे चालवणारे पगारी वकील असतात, आणि अशा प्रकरणांत वकिलांचा बचाव करणाऱ्यांची संघटनाही आहे. आपल्याकडे हे काम बहुधा इतर वकिली सांभाळून केले जाते. काम अवघड. ज्यांच्याबरोबर रोज बाररूममध्ये चहा घ्यायचा, त्यांच्यापैकीच एकाला उलटतपासणीत उभे करायचे! पुन्हा एखाद्या निर्दोष वकिलावर रागाने केलेला आरोप असेल, तर त्याचा बचावही यानेच करायचा. कारण खटला हरणे हा गुन्हा नव्हे. दावाच न लावणे, अशिलाचे पैसे स्वतःकडे ठेवणे, खोटे सांगणे हे मात्र गैरवर्तन आहे.

हे काम किती रेंगाळू शकते याचे उदाहरण मुंबईतच घडले. एस्प्लनेड कोर्टाच्या दारात अशील ओढण्यासाठी काही वकील अक्षरशः झोंबाझोंबी करीत. त्यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयाने १९६४ साली तक्रार पाठवली. सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल आला १९७५ साली! १९७३ च्या दुरुस्तीने राज्य समितीला एक वर्षाची मुदत घालून दिली; तेवढ्यात निकाल न लागल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. तरीही दिरंगाई संपली नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला या मुदतीची पुन्हा आठवण करून द्यावी लागली.

आपण काय लक्षात ठेवावे?

फी थकली म्हणून वकील कागद अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले. फीसाठी वकिलाला वेगळा दावा करता येईल. कागद मात्र अशिलाचे. १४ मे २०२४ च्या निकालाप्रमाणे वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक न्यायालयात दाद मागता येत नाही. त्यामुळे बार कौन्सिलच्या तक्रारीचे महत्त्व वाढले आहे. हेही ध्यानात असू द्यावे की, शिस्तपालन समिती बुडालेला दावा परत उभा करीत नाही. नुकसानभरपाईसाठी दिवाणी न्यायालयच गाठावे लागते. म्हणून फीची पावती घ्यावी, दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवावी, आणि दाव्याचा नंबर स्वतः कोर्टात जाऊन पाहावा. त्या वृद्धाचा दावा कोर्टात आहे की नाही, हे कोणी वेळीच जाऊन पाहिले असते तर?

आपल्या घरातील मुलगा-मुलगी कायदा शिकत असेल, तर त्यांना या वाटेविषयी जरूर सांगावे. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे शिक्षण, नंतर सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेसाठी जबर पैसे मागण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बंद केली. नोंदणी फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये, त्याहून अधिक नाही.

वकील पुष्कळ होतील. पण आपल्याच व्यवसायातील चुकाराला जाब विचारण्याची हिंमत असलेले थोडे असतात. लबाडाला शिक्षा झाली, तरच प्रामाणिक वकिलाच्या काळ्या कोटाची इभ्रत राहते. आणि गरिबाने ठेवलेला विश्वासही.