उद्याचे काम, आज हातभर

मंडळी, अवघड काम दिसले की आपण म्हणतो, "उद्या बघू." उद्या उजाडतो. आपण पुन्हा तेच म्हणतो. काम तिथेच राहते.

माझीच गोष्ट सांगतो. तेव्हा मी शाळेवर होतो. आमच्या वावराचा बांध चार हात फुटला होता. चैत्रात म्हणालो, सुट्टी लागली की धरू. वैशाखात म्हणालो, ऊन फार आहे. मग मृगाचा पाऊस कोसळला. एका रात्रीत चार हातांची फूट बारा हातांची झाली. वरची काळी माती ओढ्याला गेली. पोरांना "वेळेवर अभ्यास करा" म्हणून सांगणारा मी मास्तर! पण गेलेली माती काही परत आली नाही.

असे का होते? माणूस आळशी असतो म्हणूनच, असे नाही. सगळे काम एकदम डोळ्यांपुढे उभे राहते. छाती दडपते. मग मन सबबी शोधते.

आता यापेक्षा फार मोठ्या कामाची खरी गोष्ट ऐका. बिहारात गया जिल्ह्यात गहलौर नावाचे गाव आहे. तिथे दशरथ मांझी नावाचे मजूर राहत. गावाच्या आड डोंगर होता. दवाखाना, बाजार सगळे पलीकडे. डोंगर ओलांडताना त्यांच्या पत्नीला इजा झाली. मांझींनी ठरवले, डोंगरातून वाट काढायची. १९६० साली त्यांनी हातोडा आणि छिन्नी घेतली. लोक हसले. मांझी पोटासाठी मजुरी करीत आणि उरल्या वेळात दगड फोडीत. १९८२ साली वाट झाली. सुमारे ३६० फूट लांब! अत्री आणि वझीरगंज या भागांतले सुमारे ५५ किलोमीटरांचे अंतर १५ वर आले. २००७ साली मांझी वारले. वाट राहिली.

आता हिशेब करा. २२ वर्षांत ३६० फूट. म्हणजे वर्षाला सुमारे १६ फूट. दिवसाला जेमतेम अर्धा इंच! अर्धा इंच दगडाची कुणाला भीती वाटेल?

यातून आपण काय घ्यायचे?

कामाचे तुकडे पाडा. बांध चाळीस हात असेल, तर रोज दोन हात घाला. वीस दिवसांत तो पुरा होतो.

वेळ ठरवा. सकाळी धार काढली की तासभर तेच काम.

हुरूप येण्याची वाट पाहू नका. आधी हात लावा, हुरूप मागून येतो.

रोज काम झाले की भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढा. रेघा वाढल्या की मन धरते. एक दिवस चुकला, तर दुसरा चुकवू नका.

एकट्याने उरकत नसेल, तर शेजाऱ्याशी सावड करा.

आता पाटी घ्या. तुमचे राहिलेले एक काम तिच्यावर लिहा. आणि आज दिवस मावळायच्या आत त्यातले हातभर तरी करा.